गरम पाण्यात कवळी

मंडळी, टाळ घटकाभर खाली ठेवा आणि एक सांगा! हातून चूक झाली. कुणी पाहिली नाही, कुणाला कळायचीही नाही. मग ती आपण होऊन सांगायची कशाला? का हो, गप्प का? पुढे बसलेले काका तर वर बघायला लागले! पंखा फिरतोय काका, त्याची काळजी नको, उत्तर द्या. येत नाही? मग ऐका!

वाईच्या अलीकडे एक वृद्धाश्रम. नाव सांगत नाही, उद्या सकाळी तुम्ही चौकशीला जाल! तिथं कामाला वैजयंता; सगळे तिला वैजू म्हणायचे. आज्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, आणि कोण जेवलं, कोण नाही, ते वहीत लिहायचं. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. हे काम गेलं तर घर बसलं! पण हात असा मायेचा, की ब्याऐंशी वर्षांच्या अनसूयाआजी दुसऱ्या कुणाकडून वेणीसुद्धा घालून घ्यायच्या नाहीत.

या आजींना कवळी होती. काका, कवळी म्हटल्यावर हसू नका, इथून आम्हाला तुमची दिसते!

एका सोमवारी आजींना खोकला झाला. वैजूच्या मनात आलं, आज कवळी अगदी निर्जंतुक करू. घेतलं उकळतं पाणी आणि दिली सोडून! भाव किती चांगला! पण कवळीला भाव कळतो होय? वाकली ती! तोंडात बसेना, हिरडीला टोचायला लागली.

वैजू रडायलाच लागली. का? गेल्याच महिन्यात एका बाईच्या हातून एका आजोबांचं कानाचं मशीन पडून फुटलं. तिनं आपण होऊन जाऊन सांगितलं, आणि व्यवस्थापिका गोडबोलेबाईंनी तिला त्याच पावली घरी पाठवलं! आडनाव गोडबोले, पण गोड फक्त फोनवर!

आजी म्हणाल्या, "वैजे, रडू नको. मी सांगते, मला भूक नाही. पुढचं पुढे बघू."

केवढी माया! पण मंडळी, मायेनं झाकलं तरी ते झाकलेलंच!

कवळी रुमालात, रुमाल उशीखाली. ताट यायचं, ताट तसंच जायचं. मऊ भात मागायचा, तर दातांचं काय झालं ते सांगावं लागलं असतं! चहात बुडवलेलं बिस्किट, घोटभर ताक — झालं जेवण! वैजू रोज वहीत लिहायची, 'भूक नाही.' आजींचा मुलगा श्रीधर नाशिकहून फोन करायचा, "आई कशी आहे?" गोडबोलेबाईंचं उत्तर ठरलेलं, "अगदी मजेत!" वही न उघडता बरं का!

शुक्रवारी आजींना भोवळ आली. डॉक्टर आले. ताप नाही, दुखणं नाही. वही चाळली आणि म्हणाले, "या वयात माणसाची अन्नावरची वासना उडते. मुलाला बोलावून घ्या. उद्या नाकातून नळी घालू."

नळी! पाण्याचा तांब्या घेऊन वैजू दारातच थिजली. आजींनी तिच्याकडे बघून मान हलवली, बोलू नकोस! काय करावं तिनं? बोलली तर काम जातंय. नाही बोलली तर भूक लागलेल्या बाईच्या नाकात नळी जातेय! तिला एवढंच कळलं — गप्प मी बसलेय, आणि उपाशी आजी राहिल्यात! तांब्या ठेवला, उशीखाली हात घातला, आणि कवळी डॉक्टरांपुढे धरली.

"डॉक्टर, आजीस्नी भूक हाय. दात न्हाईत! मीच उकळत्या पाण्यात घातली कवळी, वाकली ती. चार दिस वहीत मी खोटं लिवलं."

गोडबोलेबाई कडाडल्या, "चार दिवस! आणि आज सांगतेस?"

तर आजी, त्या बोळक्या तोंडानं, म्हणाल्या, "सांगायचं कसं, बाई? मागच्या वेळी जिनं सांगितलं, ती कुठे आहे?"

मंडळी, गोडबोलेबाईंनी ती वही ओढून घेतली आणि पहिल्यांदा उघडली! त्या तिथंच स्टुलावर बसल्या.

संध्याकाळी श्रीधर आला. तो बसायच्या आत बाईंनी सगळं सांगितलं. "मी तुम्हाला रोज मजेत म्हणाले. मी बघितलंच नव्हतं." चिडला हो तो! चिडणारच! खूप बोलला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं विचारलं, "आता आई काय करतेय?"

"जेवतेय!"

आत वैजू गुरगुट्या भात आणि वरण भरवत होती, आणि आजी दुसरी वाटी मागत होत्या. नवी कवळी पंधरा दिवसांनी आली. वैजूचं काम राहिलं. कानाच्या मशीनवालीलाही निरोप गेला, पण ती आली नाही. का येईल?

तर चूक सांगायची कशाला? आपण गप्प बसलो की उपाशी दुसरंच कुणी राहतं, म्हणून!

माना डोलावताय? डोलावा! पण तुम्ही सगळे स्वतःला वैजू समजून डोलावताय. गोडबोले कोण मग? मी एकटाच? घरात सून आहे, लेक आहे, दुकानात हाताखाली माणूस आहे. त्यांच्या हातून काही बिघडलं, तर ते येऊन सांगतात तुम्हाला? सांगत नसतील तर ते खोटारडे आहेत असं समजू नका. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा तुम्ही काय केलंत, ते त्यांच्या चांगलं लक्षात आहे! तुम्हाला आठवतंय?

आठवलं असेल, तर आता धरा टाळ!