बर्फावर काढलेला हातमोजा

लोणावळ्याच्या दवाखान्यात माझा जप चालला होता. शेजारी एक मावशी आणि तिचा भाचा. भाच्याची नजर डॉक्टरांच्या दारावरून हलत नव्हती.

"हिमाचलात गोठल्याल्या धबधब्यावर पयल्यांदाच चढत हुतास, ओंक्या. मंग हातमोजा का काढलास?"

"सवय, मावशी. आपला कातळ हात लावल्याबिगर कळतो का? बर्फ बी तसाच चाचपला."

"कुनी वरडलं न्हाई?"

"सर वरडले. म्या म्हनलं, मावळातल्याला चढाय नका शिकवू."

"लय शाना!"

"आदी लय दुखलं. मंग दुखायचं थांबलं. वाटलं, जमलं."

"आन् आता रं?"

"बोटं ऱ्हात्यात का काढायची, ते सांगतील. मावशी, बोटं धर की. भ्या वाटतंय."

"मगाधरनं धरलीत की रं, बाळा."