काट्यावर वरडायचं काम

पुन्हा मलाच कशाला सांगायला लावता रे? चहा पाजला म्हणून सांगतो, पण हसायचं न्हाई.

मी कापसाच्या जिनिंगमधी वजनकाट्यावर हाय. आमचा जावई इंजिनियर. सेठनं त्यालाच बोलावलं. त्यानं जिनिंगचा सगळा कारभार नियमांच्या कसल्याशा भाषेत लिहिला. म्हणे आधी कॉम्प्युटरमधी लटका चालवून बघायचा, मग खरा.

मला म्हणला, "मामा, तुमचं काम यात कुठंच बसत न्हाई. तुमी करता काय?"

"वरडतो."

"ती पायरी न्हाई, मामा. तुमच्याविना कारभार अडत न्हाई, सिद्ध झालंय."

सेठनं मला सोमवारपासून घरी बसायला सांगितलं. शनिवारी खरी चाचणी झाली. झरीहून टेम्पो आला, शेवटच्या वेचणीचा दोनच क्विंटल कापूस. कापूसवाल्याच्या घरची बारा माणसं गेटावर उतरून चहाला गेली. भरल्या टेम्पोचं वजन झालं, कापूस उतरला. तवर ती बारा जणं पोखर्णीच्या देवाच्या दर्शनाला जायचं म्हणून टेम्पोत चढून बसली. मी गप उभा. रिकाम्या टेम्पोचं वजन भरल्यापेक्षा जास्त निघालं अन् कॉम्प्युटर अडून बसला.

जावई घामाघूम. "मामा, असं होऊच शकत न्हाई!"

मी वरडलो, "उतरा रे खाली सगळे!" उतरले, अन् वजन बरोबर आलं.

आता त्या नियमांत माझी पायरी हाय. सेठची माफी त्यानं तिथंच मागितली. माझी मागायला अजून कोणी आलं न्हाई. माझं नाव ध्यानात ठेवा: संतोषराव.