बारा फलाटांचं धाराशिव

न्हाय, मला राग आला न्हाय, शिवांजली. सासूला राग यायला गोष्ट खरी तरी असाया पाहिजे — आन् तू तर ह्या धाराशिवच्या स्टेशनला बारा फलाट लावलेस! बारा! हितं टेकायला ह्यो एक बाक घावला, त्याची पण पट्टी मोडल्याली, आन् तुझ्या गोष्टीत चंद्रावर गाड्या सुटत्यात. सुटू दे. गावातनं हितवर यायला रिक्षावाला कुरकुरतो, चंद्रावर जाणारे कशानं येणार, ते लिही आधी. आन् ते गेट — माणसाच्या आठवणी तोलणारं, ज्याच्या जड त्याला गाडी न्हाय — हे सुचलं कवा तुला, भाकरी थापताना? म्हणूनच भाकरी चिरत्यात तुझ्या. म्हातारीचं वजन जास्त भरलं, गेट उघडंना. पोरगा म्हणतो, 'आई, पुढच्या गाडीनं ये.' आन् सून? सून गप उभी! तेवढं मात्र बघून लिहिलंस हां, बाई.

मी कशाला वाचू असलं? दिवाळी अंकात छापून आलं म्हणून शेजारच्या महेश्वरीनं वाचून दाखवलं. — दोनदा. बरं, तीनदा. तिसऱ्यांदा नुसता शेवट वाचाया लावला — वाटलं, पोरगी एखादी ओळ गाळत आसंल, म्हातारी चढत आसंल गाडीत. चढली न्हाय. अगं, पोरानं आपल्या चार आठवणी खाली ठेवून आईला जागा केली असती, तर काय बिघडलं असतं तुझ्या चंद्राचं?

पिशवीला हात लावू नको! धपाटे हायत त्यात, तुम्हाला पुण्याला. — लुगडं? ते असंच, धपाटे गरम राहावेत म्हणून. — दोन हायत, व्हय. आन् माझ्या गोळ्या. उत्कर्ष म्हणला होता ना परवा, 'बघू आई.' बघू म्हणला म्हणजे न्हाय म्हणला न्हाय. — किती तिकिटं काढाया गेलाय त्यो? बोटं नको दाखवू, तोंडानं बोल. — दोन.

बरं. दोनच पाहिजेत. मला कोण जातंय पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर कोंडून घ्यायला! आली बघ गाडी. ऊठ. धपाटे काढून घे, पिशवी राहू दे. अगं, हात कशाला धरतीस माझा? त्यो बोलवतोय तिकडनं. रडायचं तर गाडीत बसून रड. सोड. सोड म्हणते ना — जा!