तिसऱ्या भागातली तारणा

(ओतूर, सन २००३. कॉलेजच्या हॉलात पुस्तकांचा मेळा. काजळगडाच्या जादूच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या उज्ज्वलाताई टेबलाशी बसल्या आहेत. समोर राजुरीचे सोमाजी, साठी ओलांडलेले.)

सोमाजी : सही राहू द्या, ताई. सहीसाठी न्हाई आलो. आमची मंडळी नळावर पाणी प्यायला गेलीय. ती यायच्या आत एक खोटं बोलायचं कबूल करा, एवढंच.

उज्ज्वला : खोटं? कुणाशी?

सोमाजी : तिच्याशीच. कोंडाबाईशी. ती तुमाला तारणाचं इचारणार. तुमी म्हणायचं, तारणा जिती हाय.

उज्ज्वला : बाबा, तारणा तिसऱ्या भागात काळ्या डोहात बुडते.

सोमाजी : तुमच्या पुस्तकात. आमच्या घरात न्हाई बुडाली.

उज्ज्वला : मला कळलं नाही.

सोमाजी : तिला अक्षर येत न्हाई. मी वाचून दाखवतो. दुपारची भाकरी खाल्ली की चार पानं. माझं वाचणं म्हंजी चढावरची बैलगाडी, जोडाक्षर आलं की चाक अडकलंच. पण तिला लई नाद. राक्षस आला की म्हणती, आवो, हळू वाचा, घाई नको. आता याच्याहून हळू कसं वाचू?

उज्ज्वला : आणि बुडण्याचं पान आलं तेव्हा?

सोमाजी : मी आदल्या दिवशी गोठ्यात बसून एकटा वाचून ठेवतो. तसं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं बसलो आन सांगितलं, तारणानं काठाची मुळी धरली, आन ती वर आली.

उज्ज्वला : पण का?

सोमाजी : आमची यशोधरा कॅनॉलात गेली. गोधड्या धुवाया गेली व्हती. ब्याण्णव साली.

उज्ज्वला : अरे.

सोमाजी : वस्तीवर साक्षरतेचा वर्ग तीच घ्यायची. माझा हात धरून पाटीवर ग म भ न तिनंच गिरवून घेतलं. आईचं नाव बी घातलं व्हतं वर्गात. आई म्हणायची, बाजरी निघू दे, मग बसते. बाजरी निघाली, तवर शिकवणारीच न्हाई राहिली. हिनं परत पाटीला हात लावला न्हाई.

उज्ज्वला : मी ते पान लिहिलं तेव्हा मला...

सोमाजी : तुमाला कसं ठाव असणार? पण लेकीनं दिलेल्या अक्षरानं मी तेच तिच्या आईला कसं वाचून दाखवू, सांगा.

उज्ज्वला : चौथ्या-पाचव्या भागात तर तारणा नाहीच. ते कसं वाचलंत?

सोमाजी : मधी मधी घालायचो. समदं तुमचंच, फक्त एखाद्या ठिकाणी, तारणा आली. तारणा बसली. तारणा घोड्याला पाणी पाजून गेली. जास्त जमत न्हाई मला. आली बघा ती. तेवढं सांभाळून घ्या.

कोंडाबाई : हितं बसलाय व्हय? मी त्या पलीकडच्या भुतांच्या लेखकापुढं जाऊन उभी. त्यानं बिचाऱ्यानं पेन उघडलं माझ्यासाठी.

सोमाजी : ह्या उज्ज्वलाताई.

कोंडाबाई : एवढीशी? ते राक्षस ऐकून मला वाटलं, कोणी थोराड बाई असंल. जय भीम, बाई.

उज्ज्वला : जय भीम, मावशी. बसा ना.

कोंडाबाई : उभीच बरी, गुडघं उठू देत न्हाईत. एक इचारू? तारणा डोहातनं वर आली ना?

उज्ज्वला : हो, मावशी. आली.

कोंडाबाई : मुळी धरून?

उज्ज्वला : मुळी धरून.

कोंडाबाई : मग तिच्याशी कोणी बोलत का न्हाई?

उज्ज्वला : म्हणजे?

कोंडाबाई : दोन भाग झाले. पाचव्यात गडावर पंगत बसली. बुटक्याला वाढलं, तीन डोळ्यांच्या म्हातारीला वाढलं. तारणा आली, बसली, उठून गेली. कोणी म्हणलं न्हाई, पोरी, घासभर खा. तिचा भाऊ पंगतीत रडतोय, आज ताई पाहिजे व्हती म्हणून. आन ताई त्याच्या शेजारी बसलेली.

सोमाजी : आगं, छापताना राहिलं असंल काहीतरी.

कोंडाबाई : मी बाईंना इचारतेय.

उज्ज्वला : मावशी, ते असं आहे...

कोंडाबाई : राहू द्या. ह्यांनी तुमाला गळ घातली असंल, दिसतंय तोंडावर. ती बुडाली, हे मला तवाच उमगलं व्हतं. पण म्हणलं, येऊ दे. बसू दे तेवढीच.

उज्ज्वला : मग आज का विचारलंत?

कोंडाबाई : तिचं बघवंना. जिती ठेवली, पर एकटी ठेवली. भरल्या पंगतीत उपाशी.

सोमाजी : तिला बोलतं करायला दोनदा बसलो गं मी. काय बोलली असती, सुचलंच न्हाई.

कोंडाबाई : कसं सुचंल? अकरा वर्सं झाली, घरात तिचं नाव काढत न्हाई आपण. तुमाला वाटतं मला तरास व्हईल. मला वाटतं तुमाला व्हईल.

उज्ज्वला : मी पुढच्या भागात तारणाला परत आणू का? आणता येईल, मावशी. जादूचीच गोष्ट आहे.

कोंडाबाई : नगा, बाई. तुमी लिवलंय ते असू द्या. तिसरा भाग हाय का हितं?

उज्ज्वला : हा घ्या. राहू द्या तुमच्याकडेच.

कोंडाबाई : बरं. चला, आवो. बाहेर लिंबाखाली बसू. एसटीला अवकाश हाय.

सोमाजी : बसून काय करायचं?

कोंडाबाई : डोहाचं पान काढा.

सोमाजी : ते मला न्हाई वाचवणार, कोंडा.

कोंडाबाई : मग नगा वाचू. पोरीचं नाव कुठं लिवलंय, तेवढं बोट ठिवून दाखवा मला.