चार दिवसांच्या रेघा

सुरभी: ...पण आई, तुमच्या वहीत एकवीस रेघा आहेत आणि माझ्या वहीत नऊ. नात एकच, घर एकच.

इंदुमती: तू लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतेस. तुझे कान कुठे असतात?

सुरभी: घरूनच काम करते मी. हे बघा, मुलांचं रडणं कमी करायला शिकवणाऱ्या दोन कोर्सांतला एक निवडायच्या आधी आपला खरा आकडा हवा. दोघींचं जुळलं नाही, तर मोजून उपयोग काय? म्हणून तर वेगळ्या वह्या.

इंदुमती: मी कुठे डोकावले तुझ्या वहीत?

सुरभी: थांबा. बाकीच्या दिवसांचं बरोबर जुळतंय. गुरुवारी तीन. शुक्रवारी तीन, शनिवारी, रविवारी... सगळ्या दुपारी चारच्या. आई, गुरुवार ते रविवार आर्या माझ्यासोबत पुण्याला होती.

इंदुमती: माहीत आहे. डब्यात पोहे मीच दिले होते, सेव वेगळी बांधून.

सुरभी: मग रडलं कोण?

इंदुमती: चाय घेतेस?

सुरभी: आई.

इंदुमती: तू म्हणालीस, घरात मूल रडलं की रेघ मारा. आर्याचं नाव नव्हतं घेतलंस.

सुरभी: शेजारचं असेल.

इंदुमती: शेजारी दोघंच, माझ्याहून म्हातारे. खेळण्यांच्या खोलीतून येतो आवाज. आधी तिथे आम्ही सामान ठेवायचो.

सुरभी: रडली की आर्याला एकटं बसवायला तीच खोली ठरवलीय मी.

इंदुमती: म्हणून तर वही दिली. नाहीतर बारा रेघा खोडल्या असत्या.

सुरभी: हा पहिला कोर्स मी जाहिरात बघून नाही निवडला, आई. त्यांनी अभ्यासाला दोनशे घरं घेतली होती. चिठ्ठ्या टाकून शंभरांना शिकवलं, शंभरांना नाही. शिकवलेल्या घरांत रडणं निम्म्यावर आलं. दार लावायचं, पाच मिनिटं. आतून हाक आली तरी ओ द्यायची नाही.

इंदुमती: आणि गप्प झालं की?

सुरभी: गप्प झालं की जमलं.

इंदुमती: गप्प झाल्यावर मूल कसं होतं, ते बघितलं कोणी?

सुरभी: ...नाही. तसा कॉलम नाहीये यात.

इंदुमती: आमच्या वेळी कागद नव्हते, पर बात हीच होती. सगळे सांगायचे, लक्ष देऊ नका, आपोआप गप्प होईल.

सुरभी: कोण?

इंदुमती: अबोली. माझी पहिली. चार वर्षांची होती, तुझा हृषीकेश पोटात होता. त्या दुपारी नुसती किरकिर. मला वाटलं, जिद्द करतेय. त्या खोलीत घातलं आणि कडी लावली. तीनदा रडली, मग शांत. मी सासूबाईंना कौतुकाने सांगितलं, बघा, लागू पडलं. ताप होता गं तिला, मला कळलाच नाही. दार उघडलं तेव्हा अंग गार होतं.

सुरभी: हृषीकेश कधी बोलला नाही.

इंदुमती: त्याला ठाऊक नाही. घरात नाव घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. तिला ओ दिली नव्हती, मग नावही नाही घेतलं.

सुरभी: आणि आवाज? तेव्हापासून येतो?

इंदुमती: नाही. गुरुवारपासून. पुण्याला जायच्या आधी तू त्या दाराला नवी कडी बसवून घेतलीस ना, तेव्हापासून.

(भिंतीपलीकडून हुंदका.)

सुरभी: आर्या उठली वाटतं.

इंदुमती: आर्या तुझ्या मांडीवर आहे, सुरभी.

सुरभी: ...किती वाजले?

इंदुमती: चार.

सुरभी: कडी उद्या काढून टाकते.

इंदुमती: आणि कोर्स?

सुरभी: दुसरा घेते. त्यात रडणं हळू कमी होतं, म्हणून मी बाजूला ठेवला होता. पण ते लोक वर्षभराने घरोघरी जाऊन मुलांना बघून आले होते. त्यात दार लावत नाहीत. मूल रडलं की जवळ बसायचं, बोलत राहायचं.

इंदुमती: तोच घे. आत्ताच फॉर्म भर.

सुरभी: भरतेय. आई... घरात मुलं किती, असं विचारलंय.

इंदुमती: एक लिही. दुसरीजवळ मी बसते.