न पुसलेला कोपरा

सन्माननीय अध्यक्ष ल्यान सर, व्यासपीठावरचे पाहुणे, प्रयोगशाळेतली सगळी मंडळी आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या यूए-चिन, सर्वांना माझा नमस्कार. मला भाषणाची सवय नाही. इथल्या शिन्चू शहराच्या बाजारात मी तांदळाच्या शेवया विकते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचते, तेवढंच माझं शिक्षण.

माझे यजमान कुंग ची-वेई इथे प्लास्टिकवर वीज वाहणारा पारदर्शक थर चढवत. तो आधी पिवळट असतो, वीज धड जाऊ देत नाही. मग यूए-चिन त्यावर लेसर मारत. थर तापून सुधारायचा, पण खालच्या प्लास्टिकला झळ लागता कामा नये. हे म्हणत, सोयादुधावरची साय भाजायची आणि दूध थंडच ठेवायचं. थरावर कुणाच्या बोटाचा डाग दिसला, की विचारत, "कोण रे हा अंगठाबहाद्दर?"

हे गेले. सातव्या दिवसाच्या आदल्या दिवशी यूए-चिन दुकानावर आल्या. शेवया मागवल्या, पण खाल्ल्या नाहीत.

"वहिनी, दादांच्या हातचा एकच तुकडा उरलाय. उद्या पैसे देणारे बघायला येणार. फसलं तर हे काम बंद."

"मग अडलंय कुठं?"

"कोपऱ्यात त्यांचा अंगठा उमटलाय."

शेवटी यांचा हात सुजला होता, हातमोजा चढत नव्हता. डागावर लेसर पडला तर थर तिथून तडकतो, म्हणून पुसायचा, असा नियम. ल्यान सरांनीही तेच सांगितलं होतं, आणि त्यांचं काय चुकलं? यूए-चिन तर तुकडा मलाच देऊन टाकायला निघाल्या होत्या. पण यांनी तो देव्हाऱ्यात ठेवायला थोडाच केला होता?

मी म्हटलं, "पुसा आणि मारा." आणि त्यांच्या वाटीकडे बघत बसले.

सातव्याला गेलेला माणूस घरी येतो म्हणतात. मी घर सोडून इथे काचेबाहेर उभी. यूए-चिननी रुमाल उचलला आणि खाली ठेवला. डाग झाकायला कोपऱ्यावर धातूची पट्टी ठेवली.

सर म्हणाले, "पट्टीच्या कडेला तडा गेला तर सगळंच जाईल."

"गेला तर माझ्या नावावर, सर."

लेसर ओळीओळीने पट्टीकडे सरकत होता. पैसे देणाऱ्या पाहुण्यांपैकी एकजण खोकला, तर मी वळून त्याच्याकडे बघितलं. पट्टीपाशी येऊन लेसर थांबला.

तडा गेला नाही. काम आजही चालू आहे. तो तुकडा आता घरी यांच्या फोटोपुढे असतो; इतका स्वच्छ, की आहे असं वाटतच नाही. फक्त एक कोपरा पिवळट आहे. रोज धूळ पुसताना माझा हात तिथे थांबतो.

यूए-चिन, त्या दिवशीच्या शेवया राहिल्यात, खायला या. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे माझा अंगठा उमटला असेल, तर पोटात घाला.