अप्पांचं कोरं धोतर आणि निळा धूर

धुराचं निघालं म्हणून सांगतो. पंचाहत्तर सालच्या सुमारास सोलापुरात माझं गॅरेज होतं. सुताचे व्यापारी अप्पा आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. रोज सकाळी चालू केली की निळा धूर. पुण्याचा मेकॅनिक त्यांना म्हणाला होता, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवा.

"धूर दिवसभर येतो का?" मी विचारलं.

"न्हाय. दोन मिन्टात बंद."

"मग रिंगा चांगल्या हायत की. त्या गेल्या असत्या तर धूर दिवसभर आला असता. रातभर व्हॉल्व्हच्या रबरी सिलातनं ऑइल गळतंय, ते सकाळी जळतंय."

मी फक्त सील बदलले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचं लग्न. सकाळीच अप्पा कोरं धोतर नेसून गॅरेजात आले, गाडीच्या सायलेन्सरमागं उभे राहिले आणि मला म्हणाले, "मार स्टार्टर."

धोतरावर एक डाग पडला नाही. मांडवात अप्पांनी पहिला हार नवरदेवाच्या आधी माझ्या गळ्यात घातला.